निव्वळ मुगाची पाटोडी

मला स्वयंपाक येत नाही असं नाही. येतो; फक्त मी केलेल्या प्रत्येक पदार्थात माझी घाई दिसते. पोळी कडेला कच्ची, भात तळाशी लागलेला, भाजीत मीठ दोनदा, कारण पहिल्यांदा घातलेलं आठवत नाही. सासूबाई होत्या तोवर पाहुण्यांनी भाजीचं काही विचारलं की त्या सांगायच्या, "आमची सून शाळेत लय चांगलं शिकवते." ते खरं आहे. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, आणि शाळेत माझ्या हातचं कोणाला खावं लागत नाही.

तरी दर दिवाळीत पाडव्याच्या संध्याकाळी मला काहीतरी करून शेजारी न्यावं लागतं.

दिग्रसला आर्णी रोडच्या बाजूला आमची सहा घरांची गल्ली आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून याडीचं घर. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोर बोलीत आई. ती तिच्या एकुलत्या एक लेकीची याडी. पण लेक लहान असताना दिवसभर तिच्या नावाने इतकी ओरडायची की ऐकून ऐकून आख्खी गल्ली तिला याडीच म्हणायला लागली. पासष्टीची, काटक बाई. मालक जाऊन बरीच वर्षं झाली, तांड्यावरचं शेत पुतण्या पाहतो. मी सुरुवातीला तिला 'तुम्ही' म्हणायचे, तर म्हणाली, "काहून वो, मी काय तुह्या शाळेची तपासनीस आहे?" तेव्हापासून 'तू'.

पाडव्याचं जेवण तिच्या अंगणात असतं. लापशी आणि भाकरी तिची, मटण खाणाऱ्यांसाठी भिंतीकडेला वेगळी चूल, आणि बाकीचं घराघरातून यायचं. नियम दोनच. सोपं पाहिजे आणि घरचं पाहिजे. "सनाच्या दिवशी कोनी चुलीजोळ मरू नका," ती म्हणते, "पन दुकानचं आनाचं नाही. आनलं तं चपलीजोळ ठेवाचं." एका वर्षी कोपऱ्यावरच्या घरून मिठाईचा डबा आला, तो खरोखरच जेवणं होईपर्यंत चपलांजवळ बसून राहिला.

पहिल्या वर्षी मी काकडीची कोशिंबीर नेली. सोपी आणि घरची. मीठ तेवढं सकाळीच घालून ठेवलं होतं. याडीने झाकण काढलं, आत पाहिलं आणि विचारलं, "काकडी पोहाले सोडली का वो बाई?" दुसऱ्या वर्षी शेवयांची खीर नेली, वाटी उलटी धरली असती तरी तिच्यातला थेंब पडला नसता. तिसऱ्या वर्षी पाटोडी केली आणि ती जमली.

आता पाटोडीत न जमण्यासारखं काही नाही. फोडणीच्या पाण्यात बेसन घोटायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वड्या पाडायच्या, वरून खोबरं आणि सांबार पेरायचा. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या हातून जमली याचंच लोकांना एवढं नवल वाटलं, की पुढची पाच-सहा वर्षं गल्लीत पाटोडी म्हणजे मी असं होऊन गेलं. याडी तर माझ्या ताटाला चिकटूनच बसायची. समोरच्या घरातले कंडक्टरभाऊ, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले, स्वतःच्या हाताने ठेचा कुटून आणतात. ते ओरडायचे, "पुढं सरका याडी, बाकीच्या पॅसेंजरले जागा द्या!" याडी सरकायची नाही. मीही मनातल्या मनात सरकत नसे. आयुष्यात एक पदार्थ जमला की माणसाची मान किती ताठ होते, ते मला पन्नाशीच्या अलीकडे कळलं.

त्या वर्षी श्रावणात याडीने हरभरा सोडला.

तिची लेक वणीला दिलेली आहे. लेकीला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गेलं. तिसऱ्यांदा राहिले आणि पाचवा महिना लागला तेव्हा याडी भिंतीपाशी येऊन मला म्हणाली, "आजपासून हरबरा बंद. दाना नाही, डाळ नाही, बेसन नाही. पोट्टी मोकळी होईपर्यंत."

"सोडायचंच तर कारलं सोड की, याडी."

"कारलं सोडून देव फसते काय? आवडते तेच सोडा लागते."

पोटातल्या बाळाचा आजीच्या बेसनाशी काही संबंध नसतो, हे मी फळ्यावर आकृती काढून समजावून दिलं असतं. पण ती मला विचारायला आली नव्हती, सांगायला आली होती. आणि खरं सांगू, मला त्या क्षणी बाळापेक्षा माझ्या पाटोडीचीच काळजी वाटली.

आमच्या भागात हरभरा सोडणं म्हणजे काय, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. भाजी नसली की चून. पाहुणा अवेळी आला की चून. बेसन पातळ घोटलं की चून, घट्ट केलं की वडी, भातात टाकलं की गोळाभात, ताकाला लावलं की कढी. वांग्याच्या भाजीला दाटपणा येत नसेल तर तिथेही चमचाभर. सोपं आणि घरचं म्हणून जे जे आम्हा बायकांना येतं, त्या सगळ्याच्या तळाशी बेसनाचा डबा असतो. याडी तीन महिने कोणाच्या घरी जेवायला गेली तर आधी विचारायची आणि मग भाकरीला तेल-तिखट लावून खायची. तिने तक्रार केली नाही. फक्त एकदा आमच्या घरातून चुनाच्या फोडणीचा वास गेला तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला, "जिरं जळलं वो!"

दसऱ्याला लेक बाळंतपणासाठी माहेरी आली. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा आम्ही बायका याडीच्या ओट्यावर बसून कोणी काय आणायचं ते ठरवत होतो. कंडक्टरभाऊंची बायको, अगदी गरीब स्वभावाची, म्हणाली की ती कढीला ज्वारीचं पीठ लावेल. याडी म्हणाली, "माह्यापायी कायले? तुम्ही आना बेसनाचं. मी नाही खानार, पाहीन."

आणि मी म्हणाले, "यंदा मी मुगाची पाटोडी करते, याडी. खास तुझ्यासाठी."

"मुगाची जमते काय?" कंडक्टरभाऊंनी रस्त्यावरूनच विचारलं.

"न जमायला काय झालं? पीठ ते पीठ."

पीठ ते पीठ! विज्ञानाच्या बाईचं वाक्य. याडीचा चेहरा मात्र असा उजळला, की तेव्हाच मी घरी जाऊन एकदा करून पाहायला हवी होती. पाहिली नाही. सुट्टी होती, फराळ होता, दोन डब्यांतला चिवडा आधीच मऊ पडला होता.

पाडव्याच्या दुपारी मुगाची डाळ भाजली, मिक्सरमधून काढली, चाळली. फोडणीत मिरची-आलं-लसूण, पाणी, मग पीठ. पाणी बेसनाला घालते तेवढंच, अंदाजाने. माझा अंदाज म्हणजे भांडं किती मोठं आहे त्यावर. पीठ घोटत राहिले, घोटत राहिले, पण ते घट्ट होईना. गार झालं की धरेल म्हणून ताटात ओतलं. अर्ध्या तासाने सुरी फिरवली, तर पुढे रेघ पडत होती आणि मागे मिटत होती.

आमचे हे नवीन शर्ट घालून स्वयंपाकघराच्या दारात आले. "चला नं, दिवे लागले."

"धरली नाही."

त्यांनी ताट थोडं तिरपं करून पाहिलं. पाटोडी एका बाजूला जमा झाली. "पळी घे सोबत. पळीनं वाढू."

"पाटोडी पळीनं वाढतात का?"

"मंग कढी म्हण."

ते हसत बाहेर गेले. मी आख्ख्या गल्लीला सांगून बसले होते.

माझा हात बेसनाच्या डब्याकडे आपोआप गेला, असं मी इथे लिहिणार होते. ते खोटं आहे. डबा वरच्या फळीवर होता. तिथवर माझा हात पोचत नाही. मी हॉलमध्ये गेले, स्टूल उचललं, आत आणलं, त्यावर चढले, डबा काढला. स्टूलवरून उतरताना पाय चुकू नये म्हणून खाली नीट पाहिलंसुद्धा. म्हणजे विचार करायला पुष्कळ वेळ होता. ताटातलं सगळं परत कढईत ओतलं आणि दोन मुठी बेसन टाकलं. पाच मिनिटांत ते असं धरलं की काय सांगावं. दोन मुठींनी काय होतं, असं मनाशी म्हणाले. शाळेत मी द्रावणं शिकवते. थेंबभर शाई टाकून ग्लासभर पाणी निळं करून दाखवते.

अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. याडीने नवं लुगडं नेसलं होतं, लेक खुर्चीवर बसली होती, पाय सुजलेले म्हणून तिला खाली बसू देत नव्हते. मी ताट ठेवलं. याडीने सांबार बोटाने बाजूला करून वडीकडे निरखून पाहिलं.

"निव्वळ मुगाची नं वो?"

ती माझ्यावर संशय घेत नव्हती. तीन महिने ती प्रत्येक ताटासमोर हेच विचारत आली होती. मला फक्त म्हणायचं होतं, याडी, तुझ्यासाठी काकडी आणते. एका वाक्याचं काम. लोक हसले असते, कंडक्टरभाऊ वर्षभर बोलले असते, आणि संपलं असतं.

"निव्वळ," मी म्हणाले.

तिने पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मग दुसरी. मग म्हणाली, "चन्याचीच लागते वो, बापा!" चौथी वडी हातात घेऊन ती लेकीकडे वळली आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली, लेक हसली. मला अर्थ विचारायची हिंमत झाली नाही. कंडक्टरभाऊ म्हणाले, "मास्तरीणबाई, हे मुगाचं असन तं यंदा आपन मूगच पेरतो." सगळे हसले. मीही हसले. माझ्या ताटातली पाटोडी मी खाल्ली नाही. ती ह्यांना वाढली. त्यांनी एक खाल्ली, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरी न बोलता खाल्ली. त्यांच्या त्या न बोलण्याचे उपकार मी अजून फेडते आहे.

खोटं एकदा बोलून सुटका होत असती तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागणी आली: मुगाच्या पाटोडीची कृती टाका. मी टाकली. एक वाटी मुगाचं पीठ, अडीच वाट्या पाणी, आलं-लसूण-मिरची, 'मंद आचेवर सतत हलवत राहावे.' सहा घरांच्या ग्रुपवर अकरा अंगठे आले.

चार दिवसांत दोन घरांत पाटोडी बिघडली. कंडक्टरभाऊंच्या बायकोची तर तिसऱ्यांदाही धरली नाही. ती बिचारी माझ्याकडे वाटी घेऊन आली, वाटीत पिवळं पाणी. "पाहा नं मॅडम, काय चुकलं?"

"आच मोठी झाली असेल," मी म्हणाले.

"हे म्हनतात तुह्या हातालेच गुन नाही. तुमच्या हाताले गुन आहे."

ती वाटी माझ्या ओट्यावर ठेवून गेली. मी ती सिंकमध्ये ओतली आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

पाडव्याला बारा दिवस होत आले होते. सकाळी शाळेत जायला निघाले तर याडीच्या घरातून लेकीला धरून आणत होते. चेहरा सुजलेला, डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. दिग्रसच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि ताबडतोब यवतमाळला न्या म्हणाले. आठवा महिना होता. ह्यांनी गाडी काढली, मी शाळेला फोन केला. मागच्या सीटवर लेकीचं डोकं याडीच्या मांडीवर होतं आणि याडी तिच्या कपाळावरून हात फिरवत होती, एकाच दिशेने, न थांबता.

दवाखान्यात लेकीला आत नेलं. जावई वणीहून निघाले होते, हे गाडी लावायला आणि औषधं आणायला गेले. व्हरांड्यातल्या बाकावर मी आणि याडी. दुपार झाली होती. डॉक्टरबाई बाहेर येऊन सांगून गेल्या की वाट पाहता येणार नाही, ऑपरेशन करावं लागेल.

"मी कुठं चुकली वो?" याडी म्हणाली.

मी ऑपरेशनच्या दाराकडे पाहिलं.

"सांग नं. तू शिकलेली आहे. एक दाना नाही टाकला मी तोंडात. पुतन्याकडं जेवाले गेलती, तं कढीसुद्धा नाही घेतली. मंग कुठं चुकली?"

इथे बोलायचं वाक्य माझ्याजवळ तयार होतं. याडी, रक्तदाबाचा आणि खाण्या-सोडण्याचा काही संबंध नाही, तू कुठेच चुकली नाहीस. वाक्य खरं होतं, त्याने तिला थोडा आधारही मिळाला असता. वीस-बावीस वर्षं मी पोरांना हेच शिकवत आले. पण ती बोटं मोजत होती. कुठल्या दिवशी कोणाच्या घरी काय खाल्लं ते आठवत होती, आणि पाडव्याशी आली तेव्हा थांबलीसुद्धा नाही. माझं घर तिने मोजलंच नाही.

"याडी, पाटोडीत बेसन होतं."

"कोनत्या?"

"माझ्या. पाडव्याच्या. दोन मुठी टाकलं होतं. धरत नव्हती म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला कळला असता. ती उठली, व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिथे गेली आणि ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा. बारा दिवसांपूर्वीच्या घासासाठी. लुगड्याच्या पदराला तोंड पुसलं आणि परत येऊन त्याच बाकावर, तिथेच बसली.

"हे आज काहून सांगतलं?"

"मला राहवलं नाही."

"तुले राहवलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मले मालूम नव्हतं तवरोक मी खाल्लं नव्हतं. आता खाल्लं. तुह्यं पोट हलकं झालं बाई. माह्यं?"

खोटं बोलल्याचा अपराध मी बारा दिवस बाळगून होते आणि मला वाटत होतं तोच मोठा. खरं सांगण्यातही अपराध असू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या बाकावर बसून मी माझ्या डोक्यावरचं ओझं उचललं आणि नेमक्या त्याच वेळी, आत लेक असताना, तिच्या डोक्यावर ठेवलं. वर म्हणाले की मला राहवलं नाही.

ती सरकून बसली असती तरी मला बरं वाटलं असतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तू सकाळपासून काही खाल्लं का?" मी नाही म्हणाले. तिने पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून माझ्या हातात दिली. ती अर्धी भाकरी गिळायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कशालाच लागलेला नाही.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. लेक बरी होती. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नळ्या लावल्या. याडी काचेपाशी उभी राहायची, हात लावायची नाही. बाळ आठव्या महिन्यातलं होतं म्हणून पेटीत होतं; माझ्या दोन मुठींमुळे नाही. हे मी तेव्हा मनाशी म्हणत होते आणि आजही म्हणते. इतक्या वेळा म्हणावं लागतं, यातच काय ते आलं.

तीन आठवड्यांनी बाळ घरी आलं. पुढे बारसं झालं, तेव्हा ताटात बेसनाचे लाडू होते. लेकीने स्वतः एक उचलून याडीच्या तोंडाशी नेला. "याडी, झालं नं आता. मी मोकळी झाली. खा."

याडीने तिचा हात धरून खाली केला. "पोट्टी चालेपर्यंत नाही."

"हे कधी ठरवलं?"

"ठरवलं."

"अवं, पन काहून?"

"वाटलं म्हनून." ती माझ्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती. बायका म्हणाल्या, आजीची माया. कंडक्टरभाऊ म्हणाले, याडीनं पासची मुदत वाढवून घेतली. मी लाडवांचं ताट घेऊन पुढच्या ओळीकडे गेले. आपल्यामुळे दुसऱ्याचं एक वर्ष वाढलं आहे आणि ते फक्त दोघींना माहीत आहे, अशा माणसाने लाडू कसे वाढावेत, हे कोणी शिकवत नाही.

घरी येऊन मी ठरवलं की मीही बेसन सोडायचं. याडीला सांगितलं तर ती म्हणाली, "सोडाले आवड पाह्यजे. तुले कायची आवड आहे? तुले लवकर होनाऱ्या गोष्टीची आवड आहे. ते सोडून पाह्य." मी सोडलं नाही. तेवढी माझी तयारी नव्हती.

पावसाळ्यात ह्यांना भजी लागतात. मी तळायच्या आधी याडीच्या बाजूची खिडकी लावून घ्यायला लागले. घरात धूर कोंडायचा, हे खोकायचे, पण मी खिडकी उघडत नव्हते. एक दिवस भिंतीवर थाप पडली. "खिडकी कायले लावते वो? वास नाही सोडला मी!" मी खिडकी उघडली. त्यानंतर भजी मात्र महिनाभर केली नाहीत.

ग्रुपवरची ती कृती तशीच होती. कोणीतरी ती आपल्या बहिणीला दारव्ह्याला पाठवली होती, बहिणीने आणखी कोणाला. एकदा मी याडीला विचारलं, "खरी कृती लिहून टाकू का? कंडक्टरभाऊंची बायको अजून बोलणी खाते."

"पोरगी वाचते त्या ग्रुपवर," याडी म्हणाली. "तिले कळलं तं लेकराले जरा ताप आला तरी ते पाटोडीवर जाईन. नातीले चालू दे. मंग काय लिहाचं ते लिही. आता पुन्हा तुह्यं पोट हलकं कराले नको येऊ."

पुढच्या पाडव्याला काय आणू, असं मी विचारलंच नाही. तिनेच सांगितलं, "तू केळी आन. सालासकट." मी केळी नेली. कंडक्टरभाऊंनी माझ्याकडे, मग फण्यांकडे पाहिलं. "काय मॅडम, घरची का?"

आख्ख्या गल्लीत ते पोर चालावं याची माझ्याइतकी घाई कोणाला नव्हती. दिवाळीत ते खुर्ची धरून उभं राहिलं. मी टाळ्या वाजवल्या तर दचकून बसलं. याडी म्हणाली, "तिच्या पायानं चालू दे तिले. घाई तुले आहे."

संक्रांतीला लेक पुन्हा आली. एका सकाळी भिंतीपलीकडे एकदम गलका झाला. मी पाहिलं तर अंगणात पोरगी दोन्ही हात वर धरून, दारू प्यायल्यासारखी, तुळशीपासून ओट्यापर्यंत गेली आणि याडीच्या गुडघ्यांना धडकली. याडीने तिला उचललं नाही. परत वळवलं आणि म्हणाली, "अजून एक डाव."

मी त्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेतली. बेसन चाळलं. पाणी वाटीने मोजलं. घोटायला पाऊण तास दिला. मंद आचेवर, सतत हलवत. पाटोडी थापली, वड्या एकसारख्या पाडल्या, खोबरं, सांबार, आणि ताट झाकून याडीकडे गेले.

ती बाजेवर बसून हात पुसत होती.

"आताच आली वो जेवून," ती म्हणाली. "कंडक्टरच्या बायकोनं चून टाकलं होतं. तिनं पाह्यलं पोरीले चालताना, तं धावतच आली बोलवाले. वाटीभर खाल्लं. लय साधं करते ते, पन चांगलं करते."

मी ताट घेऊन उभी होते. वाईट वाटायचा मला काय हक्क, हे कळत होतं. वाईट वाटायचं मात्र थांबत नव्हतं.

"काय आनलं?"

"पाटोडी."

तिने झाकण उचललं, पाहिलं, पुन्हा ठेवलं. "पोट भरलं माह्यं. ठेव तिथं." मी ओट्यावर ठेवलं. निघाले तर मागून म्हणाली, "लिही आता तुह्यं ते."

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं की मुगाच्या पाटोडीच्या कृतीत दोन मुठी बेसन लिहायचं राहिलं होतं. मग त्याखालीच लिहिलं: राहिलं नव्हतं, मी लिहिलं नव्हतं. त्या पाडव्यालाही ते होतं. आणि ज्यांची धरली नाही त्यांच्या हातात काही दोष नव्हता. मग कंडक्टरभाऊंचा फोन आला. त्यांच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "मॅडम, मी तिले लय बोललो होतो." एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या नं मॅडम, आणि चहा टाकायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

त्याच दुपारी याडीची लेक ताट परत द्यायला आली, पोरीला बोटाला धरून, तिच्या पावलांनी. चार पावलं आणि बसणं, चार पावलं आणि बसणं. आमच्या दारापर्यंत यायला त्यांना पंधरा मिनिटं लागली असतील. ताट घासून लख्ख केलेलं, आणि रिकामं ताट परत देत नाहीत म्हणून त्यात तुरीच्या ओल्या शेंगा. लेकीने ग्रुप वाचला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती म्हणाली, "काकू, शेंगा तांड्यावरच्या आहेत. आजच आल्या," आणि पोरीला वळवून निघाली.

वड्या याडीने खाल्ल्या का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.